फादर इनास यांच्या सोमवारच्या जेवणाची हकीकत

॥ बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावे आरंभ ॥

ज्या साहेबाने पाच भाकरी आणि दोन मासळ्या यांत पाच हजार माणूस पोटभर जेवविले, आणि त्या गर्दीत त्याचे स्वतःचे पान कोणी वाढिले की नाही हे लिहून ठेवण्याचे कोणास सुचले नाही, त्या साहेबाचे पायी मस्तक ठेवून ही हकीकत लिहितो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, माघ वद्य प्रतिपदा, वार सोमवार, ते दिवशी जे घडले ते यथास्थित लिहिले असे. लिहिणाराचे नाव पुसो नये. लिहिणारा त्याच मुलखात राहतो आणि त्यास रविवारी तोंड दाखवावे लागते.

ऐसा एक मुलूख होता. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस डोंगर, मध्ये केळी, पानमळे आणि देवळे. गादीवर बिशप महाराज, आणि गादीखाली सत्तर ठाणी, आणि ठाण्याठाण्यावर एकेक फादर. आता फादर दोन प्रकारचे असतात हे आधी सांगितले पाहिजे, नाही तर पुढील मौज कळणार नाही. एक मठवाले. ते दहा-बारा एका छपराखाली नांदतात, घंटा वाजली की एका पंगतीस बसतात, एकाने खोकले तर दुसरा काढा देतो. दुसरे मुलखातले. ते गादीचे चाकर. त्यांस मठ नाही, पंगत नाही; सहा वर्षांनी बदलीचा कागद आला की दोन ट्रंका, पुस्तकांचे खोके आणि जुनी गाडी घेऊन नव्या ठाण्यावर रुजू व्हावे आणि तेथील साडेसहाशे घरांचे बाप व्हावे. घरात मात्र एकटेच. फादर इनास रुमाव हे या दुसऱ्या प्रकारचे होते. वय अठ्ठावन, अंगाने भरलेले, आवाज मोठा, स्वभाव लोण्याचा, आणि "नाही" हा शब्द त्यांच्या तोंडातून आयुष्यात चार-पाच वेळाच बाहेर पडला असेल, तोही झोपेत.

त्यांची दिनचर्या काय वर्णावी! पहाटे पाचास उठावे, सहास मिस्सा सांगावी, आणि मग कचेरीत बसावे तो दारात माणसे उभी. कोणास बाप्तिस्म्याचा दाखला पाहिजे, कोणाची सून माहेरी गेली ती आणून पाहिजे, कोणाच्या पोराने शाळेत खिडकी फोडली. आणि मग गायनमंडळात दोन तट पडले ते मिटवावे, आणि देवळाच्या कौलांवर माकडे नाचली तर गवंडी बोलवावा, आणि कोणी नवी रिक्षा घेतली की तीवर पवित्र पाणी शिंपडावे, आणि दुपारी आजाऱ्यांस भेटावे, आणि सायंकाळी पुन्हा मिस्सा. निवासाचे दार दिवसभर उघडे. फादर आंघोळीस गेले असता लोक न्हाणीच्या दाराबाहेरून लग्नाच्या तारखा ठरवीत. आणि दुपारचे जेवण म्हणाल तर बारा खुर्च्यांचे मेज, कोण्या जुन्या फादरांनी करविलेले, त्याच्या एका टोकास फादर इनास, आणि बाकी अकरा खुर्च्या रिकाम्या. स्वयंपाकीण जासिंत वरण, बटाट्याची भाजी आणि तळलेले मासे झाकून बारास घरी जाई. नायब फादर ग्लेन हे एकोणतीस वर्षांचे, गिटार वाजविणारे, सदैव युवकांच्या गराड्यात. ते कधी बाहेर जेवत, कधी जेवतच नसत. मग फादर इनास वर्तमानपत्र पाण्याच्या तांब्यास टेकवून उभे करीत आणि त्याच्या समोर जेवीत. रविवारी अख्खे गाव ज्यांचे ऐके, ते सहा दिवस तांब्यासमोर जेवीत. यात कोणाचा दोष नाही, पण असे होते खरे.

सोमवार हा मुलखातल्या फादरांचा सुटीचा वार. रविवारी चार चार मिस्सा सांगून घसा बसलेला असतो, म्हणोन गादीने हा वार माफ केला होता. फादर इनास यांनी त्या वारी एकच मनसुबा धरिला होता: खाडीपलीकडे दीड तासाच्या वाटेवर थोरली बहीण कतरीनबाय राहत होती, तिजकडे जाऊन जेवावे. मातोश्री लवकर निवर्तल्या, तेव्हा या बहिणीनेच चार वर्षांच्या इनूस न्हाऊमाखू घातले होते. तिने एक तपापूर्वी नवरा मातीस दिला होता आणि ती घरात एकटीच होती. पाच वर्षे फादर तिला दर आठवड्यास सांगत, "बाय, या सोमवारी नक्की येतो." आणि पाच वर्षे सोमवार हातचा जाई. एकदा निघाले तो पुलावरून माघारी बोलाविले, का तर नवी जेसीबी आशीर्वादासाठी देवळापुढे उभी आणि तिचा मालक म्हणे, पाणी शिंपडल्याशिवाय मातीत दात घालणार नाही. एकदा निघाले तो बिशप महाराजांनी गटारांच्या प्रश्नावर सभा बोलाविली. आणि बाकी सोमवारी माणसे मरत. रविवारी नातलग जमलेले असतात, त्यांना भेटून माणूस निवांत प्राण सोडी आणि सोमवारी त्याची माती होई. यात मेलेल्याचा तरी काय अपराध! परंतु कतरीनबाय दर सोमवारी बोंबलाचे कालवण करी, दोन वाजेपर्यंत वाट पाही, आणि मग मांजरास घाली. हळूहळू तिच्या मनात आले की भाऊ मोठा माणूस झाला, त्याला आता आपल्या चुलीचे काय. तिने हे बोलून दाखविले नाही, पण फोनवर ती "बरं" म्हणे ते फार थंड म्हणे, आणि फादरांस ते कळे.

ऐसे चालले असता वर्तमान आले की कतरीनबायच्या लेकाने तिला समुद्रापार कॅनडा मुलखी बोलाविले, विमानाचे तिकीट झाले, आणि मंगळवारी पहाटे प्रयाण. घर भाड्याने दिले. ती परत येईल ऐसे वय नव्हते, बहात्तर चालू होते. म्हणजे एकच सोमवार उरला, आणि तो हा. तो हुकला तर हुकलाच. हे ऐकून फादर इनास यांनी जन्मात केली नव्हती ऐसी मोहीम मनात आखिली.

आणि पहिलीच अडचण दैवाने घातली. रविवारी दुपारी दुमिंगबप्पा म्हणोन नव्वद वर्षांचे गृहस्थ निवर्तले, आणि घरचे लोक म्हणाले, माती सोमवारी अकरास. फादर म्हणाले, पाचास करा. ते म्हणाले, अकरास बरी. फादर म्हणाले, पुण्याची नात पोचायला नको का? आता पुण्याच्या नातीचे नाव घेतल्यावर कोण काय बोलणार! तह झाला, पाच ठरले. नायब फादर ग्लेन त्याच आठवड्यात वार्षिक मौनास गेले होते, त्यांचा फोन बंद. मग देवळाचे चाकर कैतान यांस बोलावून फादरांनी ठाणे त्यांच्या स्वाधीन केले. कैतान हे साठीचे, इमानी, परंतु घाबरट.

फादर म्हणाले, "कैतान, मी जेवायला चाललोय. कोणी मरायला टेकला असेल तरच फोन कर."

"आणि मेलाच तर, फादर?"

"मेला असेल तर मग घाई काय? संध्याकाळपर्यंत थांबेल तो."

"आणि कुणी विचारलं तर काय सांगू?"

"बाहेर गेलेत म्हणून सांग."

"कुठे?"

"बाहेर, कैतान!"

मग फादरांनी वेषांतर केले. पांढरा झगा खुंटीस लावला, आणि पुतण्याने नाताळास दिलेला चौकड्यांचा शर्ट घातला, आणि डोईस टोपी घातली, आणि आरशात पाहून समाधान पावले की आता सख्खी आई ओळखणार नाही. मागील दाराने निघाले, तो केळीच्या बागेतून तीन बायका एकदम म्हणाल्या, "फादर, आज शर्टात? कुठे लग्न आहे का?" तिघींचे समाधान करून गाडीपाशी आले, तो एक गृहस्थ मुलीच्या दाखल्यासाठी बोनेटास टेकून उभे. त्यांस दाखला दिला. तो जासिंत तांब्या घेऊन आली की पाणी पिऊन जा. ऐसे करता करता साडेदहास निघायचे ते अकरा वाजून पाच मिनिटांनी निघाले, आणि पुलावर एकदाही मागे न पाहता खाडी ओलांडून पार झाले. पूल गेला तेव्हा फादर गाडीत एकटेच मोठ्याने हसले.

साडेबाराच्या सुमारास बहिणीच्या दारी पोचले. कतरीनबाय ओट्यावर उभी. उंच, वाळकी, लुगडे कमरेस खोचलेले, घरात खोकी बांधलेली. तिने भावाकडे पायापासून डोईपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "आलास? मला वाटलं पुलावरून फोन येईल."

"आलो, बाय."

"आणि हा काय अवतार?"

"वेष पालटून आलो."

"कोण ओळखणार नाही मेल्या तुला? पोट काय वेष पालटतं?" असे म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली, कारण डोळ्यांस पाणी आले होते आणि ते तिला दाखवायचे नव्हते. मग बाहेर येऊन दाराची कडी लावून घेतली आणि जाहीर केले की तीन वाजेपर्यंत या घरात कोणी पाय ठेवायचा नाही, बिशप आले तरी नाही. कारण फादर घरात आले म्हटल्यावर आळीतल्या प्रत्येकास काही ना काही शिंपडून घ्यायचे असते, हे तीस ठाऊक होते.

पाने मांडिली. ओल्या बोंबलाचे चिंच घातलेले कालवण, तांदळाच्या गरम भाकरी, वालाची उसळ, सुक्या जवळ्याची चटणी. फादरांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली, ती घाईत अर्धी म्हटली, आणि भाकरीस हात घातला. तोच दारावर थाप पडली. कतरीनबाय म्हणाली, "ऐकू येत नाही मला." पुन्हा थाप पडली, आणि मग रडण्याचा आवाज आला, आणि मग ती उठली.

दारात शेजारच्या मोनाबायची सून अनिता. आता ही मोनाबाय कोण, तर कुंपणापलीकडली, सत्तरीची, आणि कतरीनबायची अकरा वर्षांची वैरीण. वैराचे कारण शेवग्याचे झाड. झाड मोनाबायचे, शेंगा कतरीनबायच्या अंगणात पडत, आणि कोणाच्या शेंगा यावरून जो तंटा लागला त्यात दोघींनी बोलणे टाकले ते टाकलेच. देवळात एक उजवीकडे बसे म्हणोन दुसरी डावीकडे बसे. आणि अनिता म्हणाली, "बाय, दारात फादरांची गाडी दिसली म्हणून आले. सासूबाईंचा श्वास लागलाय. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले आता काही खरं नाही. आमच्या फादरांना फोन केला तर ते नाहीत, पलीकडच्या देवळातले पण नाहीत, कुणीच नाहीत. आज सोमवार ना!"

खरेच होते. गादीने एकच वार सर्वांस माफ केला होता, म्हणोन सोमवारी सत्तर ठाण्यांतले सत्तर फादर एकाच वेळी वेष पालटून बहिणींकडे, भावांकडे, समुद्रावर पांगलेले असत, आणि मुलूख उघडा पडे. हे आजवर कोणाच्या ध्यानी आले नव्हते, आणि आले असले तरी बिशप महाराजांस सांगणार कोण? गेला असता आपलाच सोमवार.

कतरीनबाय दारात उभी राहिली. आत मेजाशी भाऊ पाठमोरा बसला होता, भाकरीचा तुकडा हातात तसाच. त्याने सारे ऐकले होते. पाच वर्षांनी आला होता आणि उद्या ती जाणार होती. तिच्या मनात आले ते लिहिणारा लपवीत नाही: मोनाबायला मरायला माझाच सोमवार सापडला काय! आणि अकरा वर्षांत कधी कुंपणाशी आली नाही, आता सून पाठवते! हे मनात आले आणि तिने पदराने तोंड पुसले आणि आत वळून म्हणाली, "इनू, ऊठ. मी भाकरी झाकून ठेवते."

"बाय, तुझं जेवण..."

"ऊठ म्हटलं ना? ती बिचारी श्वास मोजतेय आणि तू मला जेवणाचं सांगतोस?"

फादर उठले. झगा नव्हता, पण मरणाऱ्यास लावायच्या पवित्र तेलाची कुपी खिशात होती. ती कोणीही फादर सुटीस म्हणोन घरी ठेवीत नाही. निघताना अनिता म्हणाली, "बाय, घरात मेणबत्ती नाही हो, शोधून शोधून थकले." तेव्हा कतरीनबायने बांधलेल्या खोक्याची दोरी सोडली, आणि आतली मेणबत्ती काढिली, आणि भावाच्या हाती न देता स्वतःच घेऊन चालू लागली. कुंपणाचे फाटक अकरा वर्षांत उघडले नव्हते, ते गंजले होते. फादरांनी खांदा लावला तेव्हा उघडले.

मोनाबाय खाटेवर पडली होती, ओठ काळे, डोळे मिटलेले. फादरांनी चौकड्यांच्या शर्टातच प्रार्थना म्हटली आणि तिच्या कपाळास, हातांस तेल लाविले, आणि बहिणीने मेणबत्ती धरिली. मग थोड्या वेळाने मोनाबायने डोळे उघडले. तिने आधी मेणबत्ती पाहिली, मग ती कोणाच्या हातात आहे ते पाहिले, आणि फादरांकडे ढुंकूनही न पाहता म्हणाली, "कतरीन, तू उद्या जातेस म्हणे. मला सांगितलं पण नाहीस?"

कतरीनबाय म्हणाली, "तू बोलत होतीस का माझ्याशी?"

"तू तरी बोलत होतीस?"

"मग आता बोलतेय ना? गप पड, श्वास लागेल."

"लागू दे. बस इथे."

आणि कतरीनबाय खाटेच्या कडेस बसली. फादर उभे राहिले. थोडा वेळ उभे राहून त्यांच्या ध्यानी आले की आपले काम संपले आणि आता आपण येथे कोणास नको आहोत. हे फादरांच्या आयुष्यात नेहमी घडते, आणि बहुतेक वेळा त्यांस बरेच वाटते. मग ते फाटकातून परत आले आणि मेजाशी बसले. दीड वाजला होता. पाने झाकलेली होती. त्यांनी झाकण काढले आणि पुन्हा ठेविले.

दोन वाजले. कुंपणापलीकडून दोन म्हाताऱ्यांचे बोलणे ऐकू येई, मग एकीचे रडणे, मग दोघींचे हसणे, आणि मध्येच शेंगा शेंगा ऐसा शब्द. मोनाबाय बहुधा आजच मरत नव्हती. फादरांस आनंद झाला, आणि त्याच वेळी फार वाईटही वाटले, आणि मोनाबायचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाज वाटली. पोटात भूक तर होतीच. अडीच वाजले. तीनास निघाले पाहिजे, कारण पाचास दुमिंगबप्पा वाट पाहणार. तरी फादर जेवले नाहीत.

तीनास दहा कमी असता कतरीनबाय धावत आली, डोळे सुजलेले, आणि दारातूनच म्हणाली, "अरे देवा, इनू, तीन वाजले! तू जेवलास ना?" आणि झाकण काढून पाहते तो भाकरी तशीच, कालवणावर साय धरलेली. तिने कपाळावर हात मारला. "एवढं समोर ठेवून गेले मी! जेवला का नाहीस?"

फादर म्हणाले, "बाय, एकटा तर मी रोजच जेवतो. एकटं जेवायला मी एवढ्या लांब आलो नव्हतो."

पाच वर्षे तिला वाटत होते की भावाच्या घरी मोठमोठ्या पंगती झडतात. ती चुलीशी गेली, कालवण ऊन केले, भाकरी तव्यावर परत टाकली, आणि आपले पान त्याच्या समोर मांडून बसली. आणि दोघे जेवू लागले. ती म्हणे, "घे आणखी," आणि तो घेई. ती म्हणे, "तो मोठा बोंबील तुझा," आणि तो म्हणे, "तुझा," आणि ती त्याच्या पानात टाकी. तीन वाजून गेले. मग मेजावरचा फोन वाजू लागला. फादरांनी हात पुसून पुढे केला, पण बहिणीने आधी उचलला. पलीकडे कैतान, घाबरलेले. "फादर, मयत लवकर आणली हो त्यांनी, पुण्याची नात पण आली, सगळे जमलेत, तुम्ही निघालात का?"

कतरीनबाय म्हणाली, "कैतान, फादर जेवतायत." आणि फोन उलटा ठेवून भावास म्हणाली, "भाकरी गार होते. खा."

पुढे फादर चारास दहा कमी असता निघाले आणि ठाण्यावर पाच वाजून वीस मिनिटांनी पोचले. झगा घालून देवळात आले तो दुमिंगबप्पांचा थोरला मुलगा पुढे आला आणि सर्वांदेखत जरा घुश्श्यातच म्हणाला, "फादर, एवढा उशीर?" कैतान खाली पाहू लागले. फादरांपाशी शंभर कारणे तयार होती: पूल होता, रहदारी होती, मरणाऱ्यास तेल लाविले होते, आणि हे शेवटचे तर खरेही होते. परंतु ते म्हणाले, "जेवत होतो." आणि थोरल्या मुलाने बाजूस होऊन फादरांस वाट करून दिली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली. कतरीनबाय मंगळवारी पहाटे गेली. मोनाबाय शनिवारी निवर्तली, तिच्या मातीस फादर इनास वेळेवर हजर होते. सोमवारी मुलूख उघडा पडतो हे बिशप महाराजांस अजून कोणी सांगितले नाही. जे घडले ते लिहिले. अधिकउणे झाले असेल ते वाचणाराने पोटात घालावे. पूर्ण.